पटवाऱ्याची कावीळ

जर्मनच्या ताटलीतल्या ताकावर एक मुंगी पोहत होती, ताकाला कोणी तोंड लावलेलं नव्हतं, आणि पटवारी मेला होता. रूपरावानं हे पाहिलं – पोट हलत नव्हतं, अर्धवट उघड्या डोळ्यातला पिवळेपणा तेवढा हळदीसारखा ताजा होता – आणि मग त्यानं ते पाहिलंच नाही. मुंगी बोटानं काढली, ताटली जवळ सरकवली, "पटवारी, बसून राह्यजो, मी वडनेरले जाऊन येतो," म्हणाला आणि सिंदी मेघेहून वर्ध्याच्या स्टँडकडे चालू लागला. काविळीची माळ आणायला. मेलेल्यासाठी कोणी माळ आणायला जात नाही – फुलांची आणतात, ती वेगळी – म्हणजे ज्याअर्थी आपण निघालो आहोत, त्याअर्थी...

पटवारी हा कुत्रा. नाव रूपरावाच्या वडिलांनी, लक्ष्मणरावांनी ठेवलेलं. त्यांचं वावर गावच्या खऱ्या पटवाऱ्यानं एका फेरफारात चुलतभावाच्या नावावर चढवलं, ते उतरवता उतरवता लक्ष्मणराव म्हातारे झाले, आणि आणीबाणीच्या साली घरात पिल्लू आलं तेव्हा ओसरीवरून हुकूम सोडायला लागले – पटवारी, बस. पटवारी, ऊठ. पटवारी, तिकडं जाऊन मुत. आणि तो ऐकायचा! त्या घरानं सरकारवर मिळवलेला हा एकुलता एक विजय. पुढे वडील गेले, वावर गेलंच होतं, रूपराव पत्र्याची पेटी आणि पटवारी घेऊन शहरात आला. आता हाही गेला, तर वडील कधीच कुठेच जिंकले नव्हते असं होईल... गेला तर, एस्टीच्या खिडकीशी बसून त्यानं स्वतःला बजावलं. तर.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं फुगलेलं पोट दाबून पाहिलं होतं. "लिव्हर गेलं. पोटात पाणी झालं. डोळ्यात मोतीबिंदू, दात हलतात, मागचे सांधे धरले... म्हाताऱ्या कुत्र्याले माणसाचंच सारं होते, फक्त ते सांगत नाई." मग रिकाम्या कपाटाकडे बघत, "बैल असता तर काही करता आलं असतं." – पुढच्या वेळी बैल घेऊन या, अशा सुरात. शेजारचे किराणावाले भैय्याजी तर पोट धरून हसले. "कावीळ? काऊन गा रूपराव, पीत होता का?" पण हसता हसता पत्ताही त्यांनीच दिला. वडनेरची मनकर्णाबाई. रोग्याचं नाव घेत गाठी मारते, माळ डोक्यावर घालायची, रोग उतरला की माळ लांबत लांबत पायातून खाली पडते. पैसा घेत नाही.

मनकर्णाबाई अंगणात तूर पाखडत होती. सूप बाजूला ठेवून तिनं मुळीचे तुकडे आणि सूत घेतलं.

"नाव?"

"पटवारी."

तिचा हात थांबला. "आपले पटवारी?"

इथं सांगायला हवं होतं. पण कुत्रा म्हटलं की ही सूत खाली ठेवील... आणि आपला तर तो होताच. "हो. आपलेच." वडनेरचा पटवारी वर्ध्यातच राहायचा, गावात कोणाला कधी दिसलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी वर्ध्याहून कोणी माळ न्यायला आलं यात तिला काही खटकलं नाही.

"जेवतात का?"

"ताकही नाई घेत."

"पोट?"

"फुगलं."

"फुगनच. गाव खाल्लं ना." – आणि घाबरून तिनं जीभ चावली. मग गुळाचा चहा आला. ती गाठी मारत राहिली, दर गाठीला पटवारी, पटवारी... इतक्या मायेनं ते नाव वडिलांनीही कधी घेतलं नव्हतं.

माळ देताना तिनं त्याचा हात धरला. "तू त्याइच्या घरचाच ना बाप्पा? बरे झाले का एवढं सांगजो. आमचे मालक गेले आन् देरानं वावर आपल्या नावावर चढवून घेतलं. मी जाऊन जाऊन थकली. तुयं ऐकतात का ते?"

"ऐकतात," रूपराव म्हणाला. हे खोटं नव्हतं. "बस म्हटलं का बसतात."

ती हसली. आणि त्या हसण्याची त्याला अशी चीड आली की चहाचा कप फेकून द्यावा – तहसीलीतून परतताना, साहेब आज जरा नीट बोलले म्हणून वडील हसायचे, ते हेच हसणं. तेच ओठ, तेवढाच वेळ. सांगून टाक, कुत्रा आहे म्हणून सांग. कुत्रा आहे आणि... पुढचं वाक्य त्यानं एस्टीतही पुरं केलं नाही.

दुपारी पटवारी तिथंच होता. रूपरावानं माळ त्याच्या डोक्यावर घातली. डोकं ताठ, थंड. माळ कानाशी अडकून बसली. कुठंही उतरायचं तिच्या मनात दिसेना.

"पटवारी, ऊठ."

नाही उठला. जन्मात पहिल्यांदा त्यानं हुकूम मोडला. म्हणजे आता हा खरोखरचा पटवारी झाला, रूपरावाला वाटलं, ऐकत नाही, बोलत नाही, डोळे उघडे ठेवून बघत नाही... मग मी कशाला याच्यावर आवाज चढवून राह्यलो? असल्यांशी तसं बोलत नसतात. त्यानं चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन उकिडवा बसला, हात आपोआप जोडले गेले, आणि गळ्यातून निघाला तो आवाज त्याच्या ओळखीचा होता, पण त्याचा नव्हता.

"साहेब, मौजे वडनेर येथील मनकर्णाबाई हिच्या मयत पतीचे शेत दिराच्या नावावरून कमी करून तिच्या नावे चढविण्यात यावे, आणि साहेबांची प्रकृती सुधारताच या प्रकरणी विनाविलंब योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती."