फ्लॉपीची पूजा

वर्षाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, हे सांगायलाच नको. डिंडोलीच्या त्या अख्ख्या गल्लीत टेलिफोन एकाच घरी, आणि कॉलेजात तिच्या वाट्याला आला तो नेमका टेलिफोन डिरेक्टरीचा प्रोग्राम! नावं कशीही घाला, त्याने ती अक्षरांच्या क्रमाने लावून दाखवायची. वर्षाने आपल्या गल्लीतल्याच माणसांची नावं घातली. तीन आठवडे ती लॅबच्या दारात रांगेत उभी राहिली. नंबर लागला की तासभर मिळायचा, त्यातही वीज जायची. घरी आल्यावर आईबरोबर साड्यांचे सुटे धागे कापायचे आणि मग वहीत पुढच्या ओळी लिहून ठेवायच्या. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होते, त्या मुली एका दुपारीत सगळं उरकून मोकळ्या झाल्या होत्या. वर्षाचा प्रोग्राम शनिवारी कुठे चालला. तिने तो फ्लॉपीवर घेतला. आनंद करण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

सोमवारी एक वाजेपर्यंत फ्लॉपी मॅडमच्या हातात पडायला हवी होती. नाही पडली तर सही नाही, सही नाही तर परीक्षा नाही. आणि वर्ष बुडालं की तिचं कॉलेजच संपलं. पुढच्या वर्षी धाकटा लखन कॉलेजात जाणार होता, आणि तिच्या बापाने, लूमवर बारा-बारा तास उभं राहणाऱ्या दगाने, एका वेळी एकालाच शिकवणं जमेल हे आधीच सांगून टाकलं होतं.

मधला रविवार दसऱ्याचा. लखनने फाफडा-जलेबी आणली. दगाने लूमच्या कारखान्यातून आपला, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा घरी आणला होता. ज्याच्यावर पोट चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही, ही घरची रीत. वर्षा जेवून जी आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. बघते तर देवापुढे धोट्याशेजारी तिची फ्लॉपी, वर झेंडूचं फूल.

"तुना बापना धोटा, तुनी हाई," आई, शोभाबाई, म्हणाली. "दोन्हीस्नी पूजा कराले नको का?"

वर्षाला हसू आलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. बापाच्या धोट्याच्या पंगतीला तिची वस्तू बसली होती. रीतीप्रमाणे तिने हात लावला नाही. सकाळी फूल बाजूला केलं, वरचं कुंकू ओढणीने पुसलं आणि बस पकडली.

लॅबमध्ये मशीनने फ्लॉपी आत घेतली, थोडी कुरकुर केली आणि वाचायला साफ नकार दिला. लॅब सांभाळणाऱ्या पंडितभाईंनी ती बाहेर काढली, तिची पत्र्याची झडप बोटाने सरकवली आणि कपाळाला हात लावला. आतल्या काळ्या तबकडीवर हळदीचं आणि कुंकवाचं एकेक ठसठशीत बोट उमटलं होतं.

"अरे बेन, आ शुं कर्युं?" पंडितभाई गुजरातीत ओरडले. "फ्लॉपी तो गई, मशीन बी बगाड्युं!"

सगळी लॅब हसली. पंडितभाई तोंडाने बडबडत होते, पण त्यांनी तिला दुसऱ्या मशीनवर बसवलं आणि ड्रॉवरमधली स्वतःची एक जुनी फ्लॉपी पुढे टाकली. सव्वाअकरा झाले होते. तिने वही उघडली.

वहीत ओळी होत्या, पण त्यातल्या चुका मशीनवर बसून शोधलेल्या. त्या आता पुन्हा शोधायच्या होत्या. पहिल्या खेपेला तेवीस निघाल्या. मग नऊ. मग एकच, आणि ती एक काही केल्या सापडेना. मान आखडली, डोळे चुरचुरायला लागले. गल्लीतली माणसं स्क्रीनवर एकदाची ओळीने उभी राहिली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती.

मॅडम पर्स घेऊन जिना उतरत होत्या. वर्षाने त्यांना अर्ध्या जिन्यात गाठलं.

"पहेलां केम नहीं आप्युं?" आधी का नाही दिलं, मॅडमनी विचारलं.

"फ्लॉपी बगडी गई हती, मॅडम."

मॅडमनी फ्लॉपी पर्समध्ये टाकली आणि भिंतीला कागद टेकवून तिच्या नावापुढे सही केली. वर्ष वाचलं. वर्षा बस स्टॉपवर फूटपाथवरच बसली, आणि इतका वेळ ज्याला फुरसत नव्हती तो राग आता कुठे वर आला.

"पत्रा तू सरकाडा का?" घरात पाय टाकताच तिने विचारलं.

"झाकेल देवनी पूजा करतस का कोनी?" शोभाबाई कौतुकाने म्हणाली.

मग वर्षाने सगळं सांगितलं, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात. "मनं वरीस बुडी जातं आज!"

शोभाबाईने हातातली कात्री खाली ठेवली. "मी बिघाडं का ते?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण वर्षा इतकी थकली होती की खरं तेच बोलून गेली. "हो, तूच," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर शोभाबाई तिच्या वह्यांना वळसा घालून झाडायची. चौथ्या दिवशी ताटं मांडायच्या जागी वही पडली होती, तर ती ताट घेऊन तशीच उभी. "लखन, तुनी बहीणनी वही उचल रे."

वर्षाला भडभडून आलं. तिने आईच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि वही तिच्यापुढे धरली. शोभाबाईने घाईघाईने दोन्ही हात पदराला पुसले, वही घेतली आणि अंगापासून लांब धरली.

"कोठे ठेवू?"

"कोठे बी ठेव, माय," वर्षा म्हणाली. पण शोभाबाई वही धरून तशीच उभी राहिली.