शेवटच्या बाकावरची वही

चूक करणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा मुद्दाम करून बघावी. रोज तीस-पस्तीस, पाच वेगवेगळ्या अक्षरांत, आणि अशा की आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या माणसाला त्या खऱ्या वाटल्या पाहिजेत. मी हे काम दोन वर्षं केलं. दुपारी एक ते तीन, आमचे हे झोपलेले असताना, स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

आमचे हे म्हणजे सर. सगळा रस्ता त्यांना सरच म्हणतो. औषधाच्या दुकानातला म्हणतो, खालच्या मजल्यावरची शिवणकामवाली म्हणते, आणि तिचा कुत्रासुद्धा त्यांना बघितलं की नीट बसायचा. इंग्रजी व्याकरण हा त्यांचा विषय, आणि त्यातही कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ हा त्यांचा जीव. स्पेलिंग चुकलं तर सर हसून सोडून देत. पण ‘ही गो’ ऐकलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणी त्यांच्या पायावर पाय दिलाय.

मुलांना ते छत्रीवरून समजावत. "घरात छत्री एकच. ती म्हणजे एस. मुलगे पुष्कळ असले की छत्री कर्ता घेतो आणि क्रियापद भिजत जातं, बॉइज रन. मुलगा एकटा असला की म्हणतो, मला नको, तू घे. बॉय रन्स. दोघांनी एकदम ओढायची नाही आणि दोघांनी घरी विसरायची नाही." मग एखादं आगाऊ पोर विचारायचं, "सर, पण विमेन रनमध्ये छत्री कुणाकडेच नाही." सर म्हणायचे, "त्या बायका आहेत. त्यांना भिजायची सवय असते." हा विनोद मी निदान दोनशे वेळा ऐकला आणि दोनशे वेळा स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. आता तो विनोद कुणी सांगितला तर मी हातातलं काम टाकून ऐकेन.

शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची. तीन बाक होते, त्यातला शेवटचा स्वयंपाकघराच्या दाराला चिकटलेला. लग्न होऊन आले तेव्हा माझं इंग्रजी ‘थँक्यू’च्या पुढे जात नव्हतं. मटार सोलायचं निमित्त करून मी त्या बाकाच्या टोकाला बसायला लागले. एक दिवस धीर करून माझीही एक वही गठ्ठ्यात सरकवली, नाव न घालता. संध्याकाळी ती तपासून परत आली. दहापैकी चार, आणि खाली लाल शाईत लिहिलेलं, ‘हुशार आहेस. घाई करू नकोस.’

कुणाची वही ते त्यांना कळलं नव्हतं असं नाही. कांद्याचा वास येणारी वही घरात एकच होती. पण ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही, आणि तोच आमचा खेळ झाला. मी समोर उभी राहून वाढत असायची आणि ते ताटाकडे बघत म्हणायचे, "आज शेवटच्या बाकावरचीनं फार धांदरटपणा केला हो." मी म्हणायची, "तिला घरची कामं असतील." प्रेमाचं बोलणं आम्हा दोघांनाही कधी धड जमलं नाही. जे काही होतं ते त्या लाल शाईत होतं. एक सांगते, मार्क द्यायला मात्र माणूस महाकंजूष. वर्षानुवर्षं शिकले, तरी साडेनऊच्या वर कधी चढू दिलं नाही.

मग ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग मुलांची नावं, मग कालच शिकवलेला धडा. तोच धडा तीन दिवस लागोपाठ शिकवला, तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आईवडील चांगले होते, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. "सरांना आता आराम करू दे," म्हणाले, आणि एकेक करत सगळी बंद झाली. सर मात्र चार वाजले की लाल पेन घेऊन खुर्चीवर बसायचे. पाच वाजेपर्यंत दाराकडे बघायचे. "आज कुणीच कसं नाही?" रोज पहिल्यांदाच विचारल्यासारखं. एका दुपारी मुलांना शोधायला म्हणून घरातल्या चपलांवर बाहेर पडले आणि जुन्या शाळेच्या बंद फाटकापाशी सापडले. फाटकाचा गज हातात धरून उभे होते. मी त्यांना घरी आणलं, पाय धुतले आणि मोरीतच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी पाच कोऱ्या वह्या आणल्या. चार वाजता त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, "मुलं देऊन गेली. आज घाईत होती, तपासून ठेवा म्हणाली." त्यांनी पेनचं टोपण काढलं. तो आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून माझ्या घरात पाच विद्यार्थी राहायला आले. एक जण एस कुठेच लावत नाही. एक जण भीतीपोटी सगळीकडे लावतो, ‘दे गोज’, ‘आय ईट्स’. एकीचं अक्षर मुंगीसारखं, एकाचं उलटं कलणारं. सगळंच चुकवून चालत नाही, नाहीतर सरांना संशय येतो. दोन बरोबर, एक चूक, मग कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये चार शब्द घुसवून एक अवघड चूक. चूक करायला आधी बरोबर काय ते पक्कं माहीत असावं लागतं, हे मला उतारवयात कळलं. पाचवी वही माझ्या स्वतःच्या अक्षरात असायची. तीत मी माझ्या जुन्या, खऱ्याखुऱ्या चुका लिहायची.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती वही उघडली, जरा थांबले आणि म्हणाले, "अगं, ही शेवटच्या बाकावरची अजून येते?"

"येते ना," मी म्हटलं.

खाली त्यांनी लिहिलं, ‘हुशार आहेस. घाई करू नकोस.’ पुढे रोजच लिहीत गेले. कधी ‘आज बरी आहेस का? अक्षर थकलेलं दिसतं.’ कधी ‘ही चूक तू नेहमी करतेस, मला आता ती आवडायला लागली आहे.’ मी आंघोळ घालताना कधीकधी ते मला परकी समजून माझा हात झटकायचे. पण वहीतल्या मला ते विसरले नव्हते. त्यांना सगळं ठाऊक आहे आणि खेळ चालू आहे, असं मी धरून चालले होते.

आमची लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. एक रविवार सोडून येते. पुरावा दाखवल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही, हा गुण बापाचा. सरांनी गॅस उघडा ठेवला, नशिबानं मला वास आला, तेव्हा तिनं एक जागा बघून ठेवली. विस्मरण झालेल्या माणसांना सांभाळतात ती. "बाग आहे, नर्स आहेत, आणि आई, तुझी कंबर बघ," म्हणाली.

"माझी कंबर माझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "ते कुठंही जाणार नाहीत."

खूप वाजलं आमचं. शेवटी मीच बोलून बसले. "हे बघ, अजून त्यांना ‘ही गो’ खटकतं. माझ्या एकूण एक चुका धरतात. जोवर धरतायत तोवर ते या घरातले. ज्या दिवशी सोडतील त्या दिवशी तू म्हणशील तसं."

लेकीनं वह्या चाळून बघितल्या. एकही चूक निसटलेली नव्हती. "ठीक आहे," ती म्हणाली. "पण शब्द दिलास हं."

सात महिने शब्द तरला. मग एका बुधवारी चहा घेऊन गेले तर सर खुशीत होते. पाचही वह्या मिटून नीट रचलेल्या. मी वरची उघडली. ‘ही गो टु ऑफिस’, बरोबर. ‘दे इज माय फ्रेंड्स’, बरोबर. सगळ्या ओळींपुढे त्यांची ती डाव्या हाताची, उलट्या बाजूला शेपूट जाणारी खूण. माझ्या वहीत दहाच्या दहा खुणा आणि खाली दहापैकी दहा.

"आज सगळ्यांनी छान लिहिलंय," ते म्हणाले.

चाळीस वर्षं मी त्या दहासाठी झुरले होते. हातात वही धरून उभी राहिले आणि ती फाडून टाकावीशी वाटली.

डोळ्यांवर झापड असेल, असं म्हणून गुरुवारी मी आंधळ्यालाही दिसतील अशा चुका केल्या. शुक्रवारी तर एक वाक्य आधी चुकीचं आणि त्याच्या शेजारीच बरोबर करून लिहिलं. "अहो, नीट बघा ना," मी त्यांचा हात धरून म्हटलं. "हे बघा, मुलगा एकटा आहे. छत्री कुणाकडे?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी आदरानं म्हणाले, "बाहेर पाऊस आहे का?" मला त्यांचा इतका राग आला की मी आत जाऊन दार लावून घेतलं. मग त्या रागाची लाज वाटली.

रविवारी लेक येणार होती. शनिवारी मी त्यांना वह्या दिल्याच नाहीत. जुन्या वर्तमानपत्रावर डाव्या हातानं खुणा गिरवल्या, तासभर, उलटं शेपूट जमेपर्यंत. मग सरांचं लाल पेन घेऊन मी माझ्याच चुका पकडायला बसले. बुधवारपासूनची त्यांची पानं काढून टाकली, नवी लिहिली, नवी तपासली. एकेका क्रियापदाला गोल, वर एस, बाजूला मार्क. कुणाला सहा, कुणाला सात. माझ्या वहीत साडेआठ. स्वतःला इतके कमी देताना सर जिवंत झाल्यासारखं वाटलं. हसू आलं, खरंच.

रविवारी लेकीनं चहा संपवला आणि वह्या मागितल्या. मी भाजी चिरायला घेतली, म्हणजे हाताकडे बघता येतं. ती एकेक पान शांतपणे उलटत होती. चार वह्या झाल्या. पाचवीवर थांबली. मागची पानं बघितली, पुन्हा पुढं आली.

"आई," ती म्हणाली, "शेवटच्या बाकावरचीला बाबांनी काहीच लिहिलं नाही?"

चाकू माझ्या हातात तसाच राहिला. खुणा जमल्या होत्या, गोल जमले होते, शेपूट जमलं होतं. पण खाली ते दोन शब्द स्वतःला कसे लिहायचे? पेन टेकवलंही होतं मी कागदावर. झालं नाही माझ्याच्यानं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"बुधवार."

ती उठून माझ्याजवळ आली, हातातला चाकू काढून बाजूला ठेवला. ओरडेल असं वाटलं होतं, त्याची तयारीही मी करून ठेवली होती. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. "मला वाटत होतं तू जिंकशील," म्हणाली.

मंगळवारी सकाळी दहाला निघायचं ठरलं. लेक खाली गाडीत बॅग ठेवत होती. मी सरांना निळा स्वेटर घातला, भांग पाडला. ते आपणहून त्यांच्या खुर्चीकडे न जाता शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी त्यांच्या पायाशी बसून बुटाच्या नाड्या बांधायला लागले. वह्या तिथेच पडल्या होत्या. त्यांनी माझी उचलली, उघडली नाही, वरूनच हात फिरवला.

"बाई," ते म्हणाले. मला ते जन्मात कधी बाई म्हणाले नव्हते. "तुम्ही या मुलीच्या आई का?"

मी मान हलवली.

"चेहऱ्यात थोडं साम्य आहे. बरेच दिवस दिसली नाही ती. मी रागावलो असेन. मार्क द्यायला मी जरा कडकच आहे." ते खाली वाकले, गुपित सांगावं तसे. "तिला सांगा, मनावर घेऊ नकोस. वर्गात सगळ्यात हुशार तीच होती. तिच्या तोंडावर मी कधी म्हटलं नाही. फक्त घाई फार करते."

"सांगते, सर," मी म्हटलं.

"नक्की सांगाल ना?"

"आजच सांगते."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं. खालून लेकीनं हाक मारली. मी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सुटू नये म्हणून दोन गाठी मारल्या, आणि त्यांना हाताला धरून उठवलं.