धक्का

बटण दाबलं आणि नुसतंच ‘टिक’ झालं, की मला आधी राग येत नाही, थकवा येतो. राग यायला माणूस ताजा असावा लागतो. रोज मरे त्याला कोण रडे, तसं माझं आणि त्या स्टार्टरच्या बटणाचं झालं होतं.

माझी गाडी तीनचाकी. मूळची मोटरसायकल. मागचं एक चाक काढून दोन बसवली, पायातला ब्रेक हातात आणला, आणि कुबड्या ठेवायला बाजूला एक नळी जोडली. माझा उजवा पाय लहानपणी तापात गेला. म्हणजे आहे जागेवर, पण शोभेपुरता. किक मारायची ती उजव्याच पायानं, त्यामुळे किकही शोभेपुरतीच. सगळी भिस्त त्या बटणावर. ते चाललं तर मी माझ्या मर्जीची मालकीण. नाही चाललं तर मी दारात मांडलेल्या खुर्चीत बसलेली बाई.

मी दवाखान्याच्या शिवणखोलीत काम करते. फाटक्या चादरी, उसवलेले गाऊन, पडद्यांच्या कडा. तिथल्या मेट्रनबाई स्वभावानं फार चांगल्या, आणि चांगल्या माणसाशी भांडता येत नाही ही मोठी पंचाईत. गाडीपायी मला वरचेवर उशीर व्हायला लागला तसं त्यांनी बोलावून घेतलं.

"आता पुन्हा बिघडली ना, की दुसऱ्या दिवसापासून आपली व्हॅनच येईल तुम्हाला न्यायला," त्या म्हणाल्या. "वॉर्डबॉय उचलून बसवेल. कशाला तो रोजचा ताप?"

व्हॅनची पायरी माझ्या कमरेइतकी उंच. रोज सकाळी गल्लीदेखत मला उचलणार, रोज संध्याकाळी उतरवून ठेवणार, आणि वर मीच आभार मानायचे. मी हसून "बघू" म्हटलं, आणि तशीच गाडी मिस्त्रीच्या गॅरेजवर नेली.

मिस्त्रीनं बटण आधीही बदललं होतं. त्याच्या आधीही बदललं होतं. चार दिवस चालायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा रुसायचं.

"मिस्त्री, मी आयुष्यात कुणाकडे धक्का मागितलेला नाही," मी त्याला ऐकवलं. "ह्या वयात ती वेळ आणू नका माझ्यावर."

हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवते. मेट्रनबाईंना ऐकवलंय, शेजारणीला ऐकवलंय. माझी ती एक मिरवायची गोष्ट आहे.

मिस्त्रीनं हँडलवरचा डबा उघडला, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत घातलं आणि मला वाकून बघायला लावलं. पितळेच्या पत्तीवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं.

"ओल आहे ताई. पाऊस नाही, काही नाही, मग पाणी जातं कुठून? गाडी धुता काय रोज?"

"मी? मला माझं तोंड धुवायला वेळ नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

गाडी अण्णा धुतात. माझे वडील. जन्मभर पाण्याच्या पंपावर नोकरी केली, आता आई गेल्यापासून दिवसभर घरात बसून असतात. हात थरथरतात, त्यामुळे चहाचा कपसुद्धा मी अर्धाच भरते. पण सकाळी उठून नळाला पाइप लावायचा आणि माझी गाडी धुवायची, हे एक काम त्यांनी स्वतःचं स्वतः लावून घेतलं होतं. चाकं, सीट, आरसे, हँडल. तोंडानं काहीतरी पुटपुटत असतात. गाडीशीच बोलत असावेत, कारण माझ्याशी तेवढं बोलत नाहीत.

मिस्त्रीनं पुन्हा नवं बटण बसवलं. मी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि विषय संपवला. वडिलांना काही बोलायलाच नको. दुसऱ्या दिवशी बघते तर अण्णांनी पिशवी सोडली होती, तिच्याखालचं सगळं नीट धुतलं होतं, पिशवीसुद्धा धुतली होती, आणि ओलीच पुन्हा गाठ मारून बांधली होती. हसावं की रडावं कळेना.

शेवटी एकदा मी अण्णांवर ओरडलेच. बरं, ओरडले तेव्हा मी थकलेली होते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडदे शिवून मान धरली होती. सकाळी पुन्हा तो पाइपचा आवाज आला आणि माझा तोल गेला.

"अण्णा, ही गाडी तुम्ही बंद पाडता! बटण नाही, मिस्त्री नाही, तुम्ही! तुमच्यापायी मला उद्या पोत्यासारखं उचलून नेतील. कुणी सांगितलंय तुम्हाला हे? बसा ना जरा गप."

अण्णांनी नळ बंद केला. पाइप गुंडाळायला त्यांना बराच वेळ लागला.

"पाणी जिथं जायला नको तिथं जाऊ द्यायचं नाही, हीच तर माझी नोकरी होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं."

त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. मी निघायच्या वेळी ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. गाडीवर धुळीचा थर बसला आणि बटण मात्र पहिल्या दाबात चालायला लागलं. रोज. मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पण मी वेळेवर पोचत होते, आणि वेळेवर पोचणाऱ्या माणसाला आपलंच खरं वाटतं.

आणि मग ती सकाळ आली. कुबड्या नळीत ठेवल्या, चावी फिरवली, बटण दाबलं. टिक.

पुन्हा दाबलं. टिक.

मी पिशवी सोडून बघितलं. कोरडं. टाकीवर बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागली. कितीतरी दिवसांत त्या गाडीवर पाण्याचा थेंब पडला नव्हता. हँडल डावीकडे वळवून दाबलं, उजवीकडे वळवून दाबलं. एकदा इंजिनानं जरासा हुंकार दिला आणि गप्प झालं. म्हणजे रोग वायरीतच कुठंतरी होता. हँडल वळेल तशी आतल्या आत तुटत आलेली असणार. पाणी असेलही जोडीला, पण मी मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी बसून राहिले. कशाची वाट बघतेय तेच आधी माझ्या लक्षात येईना. मग आलं.

मी अण्णांची वाट बघत होते.

इतके महिने गाडी अडली की हेच व्हायचं. फाटक उघडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ इंजिनाचा आला नाही, की अण्णा बनियनवरच बाहेर यायचे. एक शब्द न बोलता मागं जाऊन ढकलायला लागायचे. मी दुसरा गिअर टाकून क्लच सोडायची, गाडी धडधडत सुरू व्हायची, आणि मी मागं न बघता निघून जायची. आयुष्यात मी कुणाकडे धक्का मागितला नाही म्हणते, तो मागायची वेळ त्यांनी येऊच दिली नव्हती.

आज ते आले नाहीत. गप बसा म्हणून मीच सांगितलं होतं.

घड्याळ पुढं चाललं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर दवाखान्यातून फोन आला असता, आणि उद्या व्हॅन. तोंड उघडायला मला जेवढं जड गेलं, तेवढं कुबड्यांवर जिना चढायलाही जात नाही.

"अण्णा!"

मी आवाज आणखी चढवला.

"अण्णा, गाडी सुरू होत नाहीये. जरा धक्का देता का?"

सपाता शोधल्याचा आवाज आला. मग ते दारात आले. हळूहळू गाडीपाशी आले, बटणाकडे बघितलं, धुळीकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कुठं पाणी लागलं का गं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. रात्री झोपेत आपणच काही केलं की काय, अशी भीती होती त्यांच्या चेहऱ्यावर.

"नाही अण्णा. कुठंच नाही."

ते मागं गेले. त्यांचे हात सीटमागच्या दांडीवर टेकले तशी ती दांडी बारीक थरथरायला लागली. मला पाठीत कळत होतं. गाडी हलली, इंचाइंचानं, मग जरा वेगानं. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी क्लच सोडला. एक हिसका बसला आणि इंजिन लागलं.

पहिल्यांदाच मी मागं वळून बघितलं. ते रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर हात टेकून उभे होते.

"अण्णा, चुकलं माझं!" मी ओरडले. "तुमच्यामुळे नव्हतं होत ते!"

"काय?" त्यांनी कानामागं हात धरला.

मी ब्रेकवर हात नेला. पुन्हा सांगायला थांबणारच होते.

"अगं थांबू नकोस!" ते हात हलवत माझ्यामागं धावायला लागले. "थांबू नकोस, बंद पडेल! जा!"