डावीकडची सळई

मी एक जुनं हेल्मेट आहे. दुचाकीवर घालतात ते नव्हे, मित्रांनो, क्रिकेटचं. माझा गडद रंग जागोजागी उडाला आहे. आतला स्पंज इतका वाळला आहे की बोट लावलं तर भुकटी पडते. तोंडासमोर माझी पोलादी जाळी आहे आणि तिची डावीकडची एक सळई निखळलेली आहे. लोक मला बघायला येतात ते त्या सळईसाठी नाही, एका शतकासाठी. मला मात्र शतकाची गोष्ट सळईवाचून सांगता येत नाही.

एका लांबलचक शेडमध्ये साच्यातून माझं कवच बाहेर पडलं. एका बाईंनी माझ्या आत स्पंजचे तुकडे चिकटवले. त्या शेजारणीला आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या आणि सांगता सांगता प्रत्येक तुकडा अंगठ्याने दाबून बसवत होत्या. मग कुणीतरी जाळी लावली, स्क्रू पिळले आणि मला खोक्यात घातलं.

खोकं उघडलं ते खेळाच्या सामानाच्या दुकानात. समोर तिघं उभी होती. एक सडपातळ, ठेंगणा तरुण, त्याची आई आणि त्याचे बाबा. दुकानदार रंग दाखवत होता, आई डोकं दुखेल का विचारत होती आणि बाबा माझ्या जाळीचे सांधे निरखत होते. बाबा वेल्डर होते. घरांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या करत. त्यांनी जाळीवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "सांधे चांगले मारलेत. हेच घेऊ."

त्या तरुणाला सगळे मुंगी म्हणत. उंची कमी होती हे एक कारण, आणि तो एकेक धाव गोळा करत दिवसभर खेळत राही हे दुसरं. षटकार मारणाऱ्यांची गर्दी असलेल्या काळात मुंगीचा खेळ बघायला कुणी थांबत नसे. घरी येणारे पाहुणे तर बाबांना तोंडावर विचारत, "हा खेळतो की पहारा देतो?" बाबा हसत. पण मुंगी बाद होत नव्हता, आणि बाद न होणाऱ्या माणसाकडे किती दिवस कानाडोळा करणार? एक दिवस तो देशाच्या कसोटी संघात निवडला गेला. माझ्या कपाळावर संघाचं चिन्ह चिकटवण्यात आलं. आईने ते चिकटवताना पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पहिल्या दोन कसोटींत मात्र त्याचं काही जमलं नाही. एकदा भोपळा, एकदा जेमतेम खातं उघडलं, एकदा धावबाद. वर्तमानपत्रांनी लिहिलं की मुंगी मुंगीच राहिली. तिसरी कसोटी त्याची शेवटची, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

त्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी आमचा संघ हरायला टेकला होता. जिंकणं केव्हाच हाताबाहेर गेलं होतं. दिवसभर तग धरून सामना वाचवायचा, एवढंच उरलं होतं. सकाळीच एकामागून एक फलंदाज परतले आणि मुंगी मैदानात उतरला. माझ्या आत त्याचा घाम होता, गरम श्वास होता आणि त्याची पुटपुट होती. ती बाहेर कुणालाच ऐकू जात नसे. प्रत्येक चेंडूनंतर तो म्हणे, "गेला तो गेला. आता पुढचा."

समोरचा वेगवान गोलंदाज ताडमाड होता. तो धावत यायचा तेव्हा जमीन हलत असल्याचं मला जाणवायचं. त्याने एक चेंडू आखूड टाकला. मुंगीने मान मागे घेतली, पण उशीर झाला. चेंडू थेट माझ्या जाळीवर आदळला. डावीकडची सळई आत वाकली आणि त्याच्या गालाला लागून थांबली. तो गुडघ्यावर बसला.

संघाचे फिजिओ धावत आले. "नाव सांग."

"मुंगी."

"खरं नाव सांग रे बाबा!"

त्याने खरं नाव सांगितलं. यष्टिरक्षकसुद्धा हसला. फिजिओंनी डोळ्यांत बघितलं, मान तपासली आणि मग मला हातात घेतलं. "हे बदलायचं. एकदा मार बसला की संपलं."

पॅव्हेलियनमधून दुसरं हेल्मेट आलं. ते मुंगीच्या डोक्यावर डुगडुगत होतं. "सर, यात मला चेंडूच दिसायचा नाही. हेच राहू द्या. यानेच वाचवलंय मला." पंच घड्याळ बघत होते. फिजिओ नाइलाजाने परतले.

मित्रांनो, खरं सांगतो, मला तेव्हा अभिमान वाटला.

त्यानंतर मुंगीला कुणी हलवू शकलं नाही. चहापानानंतर शेवटचा फलंदाज आला. तो संघातला सर्वांत वयस्क फिरकी गोलंदाज, सगळ्यांचा आजोबा. त्याची फलंदाजी म्हणजे ड्रेसिंगरूमची करमणूक होती. येता येताच तो म्हणाला, "हे बघ, माझ्याकडून अपेक्षा ठेवू नकोस. घरी बायकोनेसुद्धा सोडून दिल्यात."

"आजोबा, तुम्ही फक्त पाय हलवा."

"पाय? या वयात?"

पण आजोबाने पाय हलवले. कोपरावर चेंडू झेलले, बरगडीवर झेलले, एकदा तर बॅट टाकून पोटावर झेलला. मुंगी जमेल तेवढे चेंडू स्वतःकडे घेत राहिला. शतक झालं तेव्हा त्याला कळलंच नाही, आजोबा समोरून ओरडला, "अरे बॅट तरी वर कर, लोक उभे राहिलेत!" मुंगीने मला डोक्यावरून काढलं आणि हातात धरून आभाळाकडे उंचावलं. त्या उंचीवरून मी पहिल्यांदा सगळं मैदान पाहिलं. उन्हं उतरली होती, सावल्या लांबल्या होत्या आणि हजारो माणसं एका ठेंगण्या मुलासाठी उभी होती. संध्याकाळी पंचांनी बेल्स उचलल्या. सामना वाचला होता.

घरी आलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणे आता म्हणत होते, "आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं." आई प्रत्येकाला चहा देत होती. बाबांनी गर्दीतून मला उचललं आणि आपल्या वेल्डिंगच्या दुकानात उजेडाखाली नेलं.

"सळई वाकलीय," ते म्हणाले.

"राहू द्या बाबा. कंपनी नवीन देणार आहे."

"देऊ दे की नवीन. म्हणून याला असं वाकडं ठेवायचं? तुझा जीव वाचवलाय याने."

त्यांनी माझी जाळी शिकंज्यात धरली. सळईला आच दिली, हलक्या हाताने ठोकून सरळ केली, सुटू आलेला सांधा पुन्हा जोडला. कानशीने घासून गुळगुळीत केला, वर काळा रंग मारला. मग बोट फिरवून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. इतक्या मायेने मला त्याआधी कुणी हात लावला नव्हता.

पण जाळीच्या त्या बारीक पोलादाला कारखान्यात कडकपणा दिलेला असतो. आच लागली की तो उतरतो. गेटच्या जाडजूड सळईला त्याने काही फरक पडत नाही, आणि बाबांनी उभ्या जन्मात जाड सळयाच जोडल्या होत्या. वरून सांधा इतका सुरेख दिसत होता की कुणाला शंका यावी कशी? मला कळत होतं. सांगायला मला जीभ नव्हती.

मुंगी पुढची मालिका नवं हेल्मेट घालून खेळला. मी त्याच्या किटबॅगच्या तळाशी होतो, मोज्यांच्या खाली. त्याच्या धावा होईनात. लवकर बाद होऊन तो परत यायचा आणि नवं हेल्मेट बॅगेवर आपटायचा. फोनवर आई विचारायची, "तुझं ते जुनं नेलंयस ना बरोबर? मग तेच घाल की." आजोबा निवृत्त झाला होता, त्याचाही निरोप आला, "बाळा, त्या टोपडीत तुझा हात बसलाय. बदलू नकोस." कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळे त्याच्या भल्याचंच बोलत होते.

शेवटी एका सकाळी त्याने मोजे बाजूला केले आणि मला बाहेर काढलं.

फिजिओंच्या ते लक्षात आलं. "हे ते जुनं ना?"

"दुरुस्त केलंय सर. बाबांनी."

"बाबा काय करतात?"

"वेल्डर आहेत."

फिजिओंनी मला हातात घेतलं. त्यांचा अंगठा त्या सांध्यावर थांबला. ते काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. आमचा फलंदाज त्रिफळाचीत झाला होता. मुंगीने मला त्यांच्या हातातून घेतलं, डोक्यावर चढवलं आणि पायऱ्या उतरला.

पुन्हा माझ्या आत तीच पुटपुट सुरू झाली, "गेला तो गेला. आता पुढचा." तो चांगला खेळत होता. मोकळा खेळत होता. आखूड चेंडू आला तेव्हा तो या वेळी मागे सरला नाही. फटका मारायला गेला. चेंडू बॅटची वरची कड घेऊन माझ्यावर आला. मी तो अडवायला हवा होता. सांधा सुटला, सळई आत गेली आणि तिच्यामागून चेंडू गेला.

त्याच्या डाव्या डोळ्यात.

घरी बाबा दुकानातल्या टीव्हीवर सामना बघत होते. तो क्षण पडद्यावर संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवला. सगळ्या जगाला चेंडू दिसला. बाबांना सळई सुटताना दिसली.

डॉक्टरांनी जमेल ते केलं. डोळा जागेवर राहिला, त्यातली नजर गेली. मुंगीने पुन्हा खेळून बघितलं. पण एका डोळ्याने चेंडू किती लांब आहे तेच कळत नाही. तो यायच्या आधी बॅट फिरायची किंवा येऊन गेल्यावर. एक दिवस सरावाहून आल्यावर त्याने पायांचे पॅड सोडले आणि पुन्हा कधी बांधले नाहीत. सुरुवातीला संघातले लोक येत. मग फोन करत. मग तेही थांबलं.

आता तो बाबांच्या दुकानात बसतो, गिऱ्हाइकांशी बोलतो. पाणी ओतताना धार पेल्याच्या बाहेर पडते. आई त्यावर फडकं फिरवते. बाबांनी वेल्डिंग सोडलं आहे. दुकानात बाहेरून तयार जाळ्या येतात, ते त्या फक्त विकतात. बापलेकांमध्ये त्या सळईबद्दल कधी एक शब्द निघाला नव्हता.

परवा मात्र निघाला. गावातल्या क्लबचा सलामीचा फलंदाज मुंगीला भेटायला आला होता. दुकानातल्या फळीवर मला बघून तो हरखला. "हेच का ते शतकाचं? दादा, एकदा घालून बघू? उद्या फायनल आहे, तेवढं नशीब लागेल." आणि उत्तराची वाट न बघता त्याने मला डोक्यावर घातलंही. कितीतरी वर्षांनी माझ्या आत एक गरम कपाळ आलं. मी घाबरलो, मित्रांनो.

मुंगी ताडकन उठला. मला धरायला त्याने हात टाकला, तो चुकला. मूठ हवेतच मिटली. दुसऱ्यांदा त्याने माझी जाळी पकडली आणि मला खेचून काढलं. "हे डोक्यावर घालायचं नाही. कुणीच नाही. कळलं?"

तो फलंदाज ओशाळून निघून गेला. मुंगीने मला बाबांसमोर ठेवलं.

"बाबा, हे कापून टाका."

"तुझं शतक आहे ते."

"शतक झालं, संपलं. उद्या आणखी कुणी घालेल हे."

"सांधा माझा होता," बाबा खाली बघत म्हणाले.

"घातलं मी होतं ना? तुम्ही बळजबरी केली होती का?"

 बाबांनी मला कटिंग मशीनपाशी नेलं, बटण दाबलं. चकती गरगरू लागली. मी मनातून म्हणत होतो, लवकर करा. पण त्यांचे हात इतके कापत होते की मी पात्यापर्यंत पोचलोच नाही. मुंगीने मला त्यांच्याकडून घेतलं, चकतीकडे एका डोळ्याने बघितलं. ती किती जवळ आहे हे त्याला कळेना. त्याने बटण बंद केलं.

मग बाबांनी फडकं घेतलं, मला पुसलं, जाळीचा प्रत्येक सांधा पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवलं. रोज पुसतात तसंच.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला टाकू नका, जपा. मी उलटं मागतो. तुमच्या घरात एखादं हेल्मेट असेल, तुमचा जीव त्याच्यावर जडला असेल आणि त्याला एकदा मार बसला असेल, तर ते सरळ करू नका, रंगवू नका, फळीवर ठेवू नका. ज्या दिवशी मार बसला त्याच दिवशी, हात कापायला लागायच्या आधी, त्याचे तुकडे करा.