दूध फाटलं म्हणजे पचलं नव्हे

मी पेप्सिन बोलतोय. मांस, अंडी पचवणारं विकर. माझा जन्म डुकराच्या जठरातला, पण म्हणून नाकं मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे भाऊबंद राबतायत, फुकट आणि बिनबोभाट.

मला वाळवून, पूड करून, बाटलीत भरून एका पाचक गोळ्यांच्या कारखान्यात आणलं. मालक बाबा आणि तपासणीला त्यांची लेक. बाबांचा सगळा धंदा एका पेल्यावर चालायचा. गिऱ्हाईक आलं की कोमट दूध घ्यायचे आणि चिमूटभर मला टाकायचे. बघता बघता दूध फाटायचं. "पाहिलंत? पचलं!" गिऱ्हाईक खूश. अहो, कसलं डोंबलाचं पचलं! दुधातल्या एका प्रथिनाचा मी जेमतेम एक टाका उसवतो, तेवढ्यानं ते फाटतं. खरं काम पुढेच असतं, पण ते बघायला थांबतो कोण?

लेक मात्र चिवट. तिनं उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घेतला, आम्ल ओतलं आणि मला सोडलं. अख्ख्या तुकड्यापुढे माझी पार दमछाक झाली, कारण शिरायला फक्त वरची बाजू. तेच अंडं बारीक किसल्यावर मी सपाट्यानं कामाला लागलो. मग ती कीस वाढवत गेली. माझा वेग वाढला, वाढला आणि एका जागी थांबला. सगळे हात गुंतल्यावर आणखी ढीग आणून काय उपयोग? बटाट्याला तर मी शिवलोच नाही. त्यात सगळं पिष्ट, ते माझं खातंच नाही.

बाबा भडकले. "बाटलीच खराब आहे! दुधाला धावतो आणि अंड्यापुढे बसकण मारतो?"

"बाबा, समोर काय आहे त्यावर त्याचा वेग ठरतो. 'सगळं अन्न झटपट पचवते' असं वेष्टनावर नाही छापता येणार."

"मग बाटली फेकू आणि दुसरी आणू."

माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात दवाखान्याच्या खरेदीवाल्या बाई आल्या. मोठी ऑर्डर होती. बाबांनी दूध फाडून दाखवलं.

"जेवणावरही एवढंच झटपट चालतं?" बाईंनी विचारलं.

बाबांनी लेकीकडे डोळे वटारले. हो म्हणाली असती तर मी जन्माचा खोटारडा ठरलो असतो.

"नाही," ती म्हणाली. "दुधाचं वेगळं, अंड्याचं वेगळं."

"पोरीचं डोकं पुस्तकी आहे हो," बाबा हसले.

"तुम्ही स्वतः घेता का ही गोळी?" बाईंनी बाबांना विचारलं.

"मी? छे! मला कशाला लागते? मी चावून चावून जेवतो."

बाईंनी पर्स उचलली आणि चालू लागल्या.

"बाबा," लेक म्हणाली, "आत्ता बोललात ना, तेवढंच छापा वेष्टनावर."

बाबांचा राग माझ्यावर निघाला. बाटली बेसिनमध्ये उपडी केलीय. खाली साबणाचं पाणी आहे, आणि आम्लात वाढलेल्या मला ते सोसायचं नाही. असो. लेक खोटं बोलली नाही, मला तेवढं पुरे. मी निघालो. तुम्ही नीट चावा.