रिकामं आवर्तन

शुक्रवारी भिवंडीतल्या नारपोलीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. आठवडाभर भिंतींच्या हाडांत मुरलेला खडखडाट एकाएकी सरतो आणि मग लांबचे आवाज हळूहळू गल्लीत उतरतात. कुणाच्या कुकरची शिटी, खाडीकडची टिटवी, वाऱ्यानं हलणारा पत्रा. त्या शांततेच्या काठावर मला अजून माझ्याकडे गायला येणाऱ्या सुगंधाचं गुणगुणणं ऐकू येतं. चैत्रातल्या दुपारी माठातून पाणी पाझरावं तसं ते असे. डोळ्यांना दिसण्याआधी हाताला गार लागणारं.

ती दिघाशी गावची. तिची आई धवलारीण होती, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत एकेक विधी गाण्यानं पुढे नेणारी, जिच्या ओळी मागच्या बाया झेलतात अशी मानाची बाई. सुगंधा लग्न होऊन नारपोलीत आली आणि लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरू लागली. सुट्टीच्या शुक्रवारी ती आपली गाणी उतरवून घ्यायला माझ्याकडे येई. मी शाळेत गायन शिकवत होतो, पेटी वाजवत होतो, आणि ऐकलेली चाल स्वरलिपीत उतरवू शकणारा गल्लीत मी एकटाच होतो. तिच्या केसांवर कापसाचे बारीक तंतू बसलेले असत. खिडकीतला उजेड त्यांवर पडला की ती अवेळी पिकल्यासारखी दिसे. आज मी खरोखर पिकलो आहे. तिला मात्र ते वय लाभलं नाही.

तिच्या चाली आईच्या नव्हत्या. हे मला पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं, आणि हेच मी आयुष्यभर झाकून ठेवलं. आईचे धवले भरतीच्या पाण्यासारखे एका संथ ओघानं येत. सुगंधाची चाल षड्जावर कधी निवांत बसत नसे. रिषभापाशी येऊन थबके, उंबऱ्यावर पाय अडलेल्या मुलीसारखी. लय तिनं लूमकडून घेतली होती, पण त्याचं न थकणं तिनं घेतलं नव्हतं. धागा तुटल्यावर यंत्र जसं थांबतं, तशी तिची ओळ मध्येच थांबे. मग तिचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहत, तुटलेली टोकं जुळवावीत तसे. आठ मात्रांचं एक अख्खं आवर्तन रिकामं जाई, आणि ओळ पुन्हा उचलली जाई. ते आवर्तन रिकामं का, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं; पण मी मास्तर होतो, तिला विचारणं मला कमीपणाचं वाटलं.

कल्याणच्या एका लहान स्टुडिओत तिची लग्नाची चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. स्वर तिचा, पेटी माझी. शांततेत ऐकणाऱ्याला यंत्र बंद पडल्यासारखं वाटेल या भीतीनं त्या रिकाम्या आवर्तनात मी पेटीचे सूर भरले. सीडीवर कोणती नावं घालायची ते स्टुडिओवाल्यानं मला विचारलं, आणि मी ती सांगितली.

पुढच्या शुक्रवारी ती आली, जमिनीवर बसून चारही गाणी ऐकली.

"मास्तर, हितं पेटी कशाला घातलीव?"

"रिकामं वाटत होतं गं."

"आवो, रिकामं न्हाय ते. तवा पोरीची आयस रडते. तुमी तिला रडाला पन दिला न्हाय."

मग सीडीचं वेष्टन हातात घेऊन तिनं अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. संगीतापुढे माझं नाव होतं. गीतांपुढे 'पारंपरिक'.

"हा पारंपरिक कोन वो, मास्तर? मेलेली मानसं ना? मी तं जिती हाय. चा पिते तुमच्या घरात."

ती हसली, म्हणून मीही हसलो. म्हणालो, "पुढच्या वेळी घालू तुझं नाव." तिनं कपबशी धुऊन पालथी घातली आणि गेली. त्यानंतरच्या शुक्रवारी ती आली नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळे ते मिटवायला जाण्याचंही निमित्त मला उरलं नाही. काही वर्षांनी एका भाद्रपदात ती काविळीनं गेली. मला कळलं तेव्हा तेरावं उलटून गेलं होतं.

तुम्ही हे ज्यात वाचत आहात, त्याच मासिकाच्या तरुण संपादिकेचा गेल्या महिन्यात फोन आला. अंक स्त्री संगीतकारांवर होता. "सर, तुमच्या भिवंडीत अशा कुणी होत्या का?"

"बायका गायच्या, बाळ. चाली आम्ही लावायचो."

वाक्य इतकं सहज निघालं की ते खोटं आहे हे मला फोन ठेवल्यावर जाणवलं. त्याच आठवड्यात समोरच्या घरी हळद होती. कर्ण्यावर सुगंधाचं गाणं लागलं. ओळ थबकली; मुलीच्या आईनं पदर डोळ्यांकडे नेला. तेवढ्यात माझी पेटी घुसली. बाई सावरली, पदर खोचला आणि हळदीची वाटी घेऊन आत वळली. एवढ्या वर्षांत अशा किती जणींचं रडणं मी अडवलं असेल!

मी संपादिकेला फोन केला आणि म्हणालो, माझं उत्तर छापू नका, त्या जागी हे छापा. ती चारही गाणी सुगंधाची आहेत. शब्द तिचे, चाल तिची. माझी फक्त पेटी, आणि ती तिथं नको होती.

आज शुक्रवार. तिची चाल वाजवतो, रिषभापाशी येतो आणि बोटं पट्ट्यांवरून उचलतो. गल्लीत टिटवी ओरडते, पत्रा हलतो. आठ मात्रा मी आता मोजत नाही. ती गेल्यापासूनचा सगळा काळ त्या एका आवर्तनात मावतो, आणि पुढची ओळ उचलायला कुणी येत नाही.