उकडलेल्या अंड्यांचा गंज

मी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गंज बोलतोय. तुमच्याकडे पातेलं म्हणत असतील. इकडे गोंडपिपरीकडे आम्हाला गंज म्हणतात. आवाज चढला तर चढू द्या. आज गोड बोलायची माझी इच्छा नाही.

चिमूरच्या यात्रेत अख्तरीबाईनं मला बोटांनी वाजवून निवडलं. तिच्या चुलीवर माझं बूड काळं झालं. ईदचा शिरखुर्मा माझ्यात शिजला, शेजारच्या गिरजाबाईकडे बुद्धजयंतीची खीरही शिजली. गल्लीत मला पाहून कुणी कधी तोंड वाकडं केलं नाही. ते मी शाळेत पाहिलं.

अख्तरीबाईची नात मदीहा आणि गिरजाबाईची नंदिनी, दोघी सातवीत. त्यांच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं. एकीनं आत जायचं, दुसरीनं ओढणी धरून उभं राहायचं. कितीतरी पोरी सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मोठ्या माणसांनी यावर काय केलं? आनंद मेळावा ठरवला! पोरांनी खाऊ विकायचा आणि त्यातून दार बसवायचं. वर वर्गाच्या बाईंनी नियम सांगितला, "तळलेलं नको, पुडीतलं नको. पौष्टिकच पाहिजे."

पोरींनी नियम मनावर घेतला. घरोघरच्या कोंबड्यांची अंडी गोळा करून माझ्यात उकडली, आणि मला दोघींनी धरून शाळेत नेलं.

फाटकाशी रंगीत मांडव होता. तो दिला होता चिप्सच्या एका व्यापाऱ्यानं, आणि मांडवभर त्याच्याच पुड्यांच्या माळा लटकत होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष तिथंच खुर्चीत बसून एक पुडी संपवत होते. ते उठून आले आणि झाकण न उघडताच त्यांनी नाक दाबलं.

"हे इथी चालत नाई. उचला."

"काऊन, भाऊ?" मदीहानं विचारलं. "खिचडीसंगं शाळाच अंडे देत होती ना?"

"उघडं अन्न हाये. कोणाच्या घरचं, कोणाले माहीत! पुडी कशी, सीलबंद असते."

"पण पुडीतलं नाई, असाच तर नियम हाये," नंदिनी म्हणाली.

"मले नियम शिकवून राह्यली का?" म्हणत त्यांनी मला बुटानं ढकललं.

मी पायरीवरून गडगडत गेलो. पोचा पडला. अंडी मातीत विखुरली. बाईंनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं. कोणाच्या घरचं, हे अध्यक्षांना चांगलं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर विचारलं! माझ्यात तेव्हा उकळतं पाणी का नव्हतं, याचा मला अजून राग येतो.

मदीहा रडली नाही. अंड्यांवर टरफल होतं, ती धुतली की झालं. दोघींनी मला रस्त्यापलीकडे नेऊन एका दगडावर मांडलं.

"अंडे घ्या! दारासाठी अंडे!" नंदिनी बेंबीच्या देठापासून ओरडली.

धान कापून परतणाऱ्या बाया थांबल्या. "कोनतं दार व?"

नंदिनीनं सगळं सांगितलं, काही न लपवता. बायांनी पैसे मोजले आणि तिथंच बसून अंडी सोलून खाल्ली. मग त्या फाटकातून आत शिरल्या आणि अध्यक्षांना जे काही बोलल्या, ते मी ऐकलं. इथं सांगण्यासारखं नाही, पण ऐकायला फार बरं वाटलं.

जमलेले पैसे पोरींनी शाळेत दिलेच नाहीत. सरळ हाफिजभाई सुताराकडे नेले आणि दार करून घेतलं.

दार बसलं त्या दिवशी अध्यक्ष फीत आणि फोटोवाला घेऊन हजर! पुढचं नंदिनीनं चुलीपुढं हसत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बेटा, इथी उभी राय." मदीहा आत गेली आणि तिनं कडी लावून घेतली.

"अवो, निघ ना!"

"टाइम लागते," आतून आवाज आला.

फोटोवाला कंटाळून निघून गेला.

यंदाही मेळावा आहे. नवा नियम निघालाय, घरचं काही आणायचं नाही, फक्त सीलबंद. पुड्यांना आता कुणी अडवत नाही, आणि मी फळीवर पालथा पडून आहे. अख्तरीबाई म्हणते, पोचा ठोकून काढू. मी म्हणतो, राहू दे, दिसू दे सगळ्यांना.

पोरांच्या तब्येतीची काळजी आहे म्हणता ना? मग एखादी पोर घरचा गंज घेऊन फाटकात आली, तर तिचं आडनाव विचारण्याआधी झाकण उघडा. आत अन्नच असतं.